नदीकाठचा पब आणि चोवीस तारखेचं तिकीट

हॅम्बलफर्ड, इंग्लंड
ता. २१ ऑगस्ट २०२४

जागृतीच्या बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

घरात मोबाईल असून ही बाई पत्र काऊन लिहून राह्यली, असं वाटलं असेल तुम्हाले. रविवारी फोन लागते तवा इकडं जागृती फोन धरून, जावई मागून डोकावून, अन् तिकडं तुमच्या खांद्यामागं शेजारची कमला. एवढ्या लोकांत नवरा-बायकोनं काय बोलावं? पाऊस झाला का, बीपीची गोळी घेतली का, जेवले का. तुम्ही म्हणता इकडचं ठीक आहे, मी म्हणते इकडचंई ठीक आहे, अन् फोन बंद. म्हणून कागद घेतला. हे पत्र कमलाले वाचू देऊ नका.

मेघा आठ महिन्यांची झाली. नाक तुमच्यावर गेलं आहे, आता करणार काय. जागृतीची दवाखान्यातली ड्युटी सुरू झाल्यापासून नर्सबाई सकाळी अंधारात घर सोडते, जावई लॅपटॉपसमोर बसतात, अन् नात माझ्या हवाली. तिले गाडीत घालून मी गावभर फिरते.

गाव लहान आहे, पण पैसा ओसंडून वाहते. थेम्स नदी गावातून जाते. आपल्या वर्धा नदीत उन्हाळ्यात ढोरं पायी पार होतात, इथं काठोकाठ पाणी, अन् आपल्याकडं दारात बैल बांधतात तशी एकेकाच्या दारात नाव बांधलेली. आपली पोरगी मात्र मागच्या गल्लीत, कपडे धुवायच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहते. पुलाजवळ एक बंद पडलेली दगडी बँक आहे, तिथं आता पब उघडून राह्यला. जागृती सांगते, त्या कंपनीचे या देशात गावोगावी पब आहेत. दारूबंदी मंडळाची अध्यक्ष रोज नातीची गाडी पबच्या दारावरून ढकलते, हे मंडळातल्या रक्षाले सांगू नका.

परतीचं तिकीट चोवीस नोव्हेंबरचं आहे. ते मी रोज एकदा मनात पाहून घेते.

कळावं. लोभ पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुलोचना

०

तळेगाव (श्या. पं.)
ता. ५ सप्टेंबर २०२४

सौ. सुलोचनास,
सप्रेम जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. नाक माह्यावर गेलं तं काय वाईट झालं? याच नाकानं तीस वर्ष यष्टीत कंडक्टरकी केली, गर्दीत कोन तिकीट नाई काढलं ते याच नाकाले समजे. नातीले पन कामी येईन.

इकडच्या बातम्या अशा. संत्र्याची गळ यंदा जास्त हाये, औषध मारलं. सोयाबीन बरं हाये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी रक्षानं मंडळाच्या बाया घेऊन नाल्यातली भट्टी फोडली. जिल्हा दारूबंदीचा, अन् नाल्यात पान्यापेक्षा दारू जास्त, असं ती पोलिसाले तोंडावर बोलली. पन बाया म्हने, अध्यक्षबाई असती तं आवाज आनखी चढला असता.

सैपाक मी करतो. बेसन-भात चांगला जमते. भाकर तव्यावर टाकता टाकता मोडते, पन पोटात जाऊन तिले मोडाचंच हाये. दिवसभर रेडिओ लावून ठेवतो, आकाशवाणीची बाई बोलत राह्यते. घर भरल्यावानी वाटते.

इकडचं ठीक हाये. तू काळजी करू नको. पोरीले, जावयाले, नातीले आशीर्वाद.

लोभ जसा होता तसाच हाये, तसाच राहू देजो.

तुहा,
बाबाराव

०

हॅम्बलफर्ड
ता. २० सप्टेंबर २०२४

जागृतीच्या बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

आज तुमच्या बायकोनं इंग्लंडात मोर्चा काढला. हसू नका, खरं सांगून राह्यली.

सकाळी मेघाले घेऊन पुलाकडं गेली तं त्या नव्या पबसमोर पन्नासेक लोकं उभी. सारी म्हातारी-कोतारी, चांगल्या घरची, गळ्यात मोती, पायात मऊ बूट, अन् हातात पाट्या. मी अक्षर लावून लावून वाचलं. आमच्या गावात हा पब नको, असं लिहिलेलं. माझ्या अंगावर काटा आला. मनात म्हटलं, पाह्य सुलोचने, दारूचा ताप साऱ्या दुनियेच्या बायांले आहे अन् इथंई आपल्यासारखं मंडळ आहे. मी गाडीले ब्रेक लावला अन् रांगेत जाऊन उभी राह्यली.

त्यांच्या घोषणा भल्ल्या बारीक आवाजात. मले राहवलं नाही. मी दारूबंदी झालीच पाहिजे म्हणून जी आरोळी ठोकली, ती नदीपल्याड गेली असेल. सारे आधी दचकले, मग टाळ्या. मोत्यांची एक उंच बाई आली, माझा हात धरला, एक पाटी माझ्या हातात दिली अन् मेघाले बिस्कीट. पुढच्या रविवारी तिनं मले चहाले बोलावलं आहे, नदीकाठी कुठंतरी.

घरी येऊन सांगितलं तं जागृती नुसती हूं म्हणाली. दमून येते बिचारी. पण तुम्ही हे पत्र मंडळाच्या बैठकीत रक्षाकडून वाचून घ्या, एवढा भाग. अन् हो, त्या आकाशवाणीच्या बाईले सांगा, घरधनीण नोव्हेंबरात येऊन राह्यली, तवा तिनं जरा कमी बोलावं.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर यंदा तुम्ही एकटे जाल. कोरोनाची वर्षं सोडली तं लग्न झाल्यापासून आपलं एकई वर्ष चुकलं नाही. तिथल्या गर्दीत तुम्ही माझं मनगट कसं गच्च धरता, ते आठवून आज मोर्चातई हात रिकामा वाटला.

कळावं. लोभ सांभाळून ठेवा, मी येऊन मोजून घेईन.

तुमची,
सुलोचना

०

हॅम्बलफर्ड
ता. २२ सप्टेंबर २०२४

ती. बाबांना,
सविनय जयभीम वि. वि.

आईच्या पाकिटावर पत्ता मी लिहिते, म्हणून आज माझंही एक पत्र वेगळं टाकते. तिला कळू देऊ नका.

बाबा, आई आल्यापासून मी पहिल्यांदा पोटभर झोपले. ड्युटीवरून येते तर घरात फोडणीचा वास असतो आणि मेघा न्हाऊमाखू घालून झोपवलेली असते. नोव्हेंबरनंतर काय, हा विचार आला की पुन्हा झोप उडते. मेघाला पाळणाघरात जागा फेब्रुवारीत मिळणार आहे. आईच्या व्हिसातही तोपर्यंत राहता येतं, तिकीट तेवढं पुढं ढकलावं लागेल. मी विचारलं तर ती म्हणते, तुझ्या बाबांचं कसं होईल. तुम्हीच तिला लिहा ना, की राहा म्हणून. तुमचा शब्द आला तर ती थांबेल.

तुम्ही फोनवर म्हणताच, इकडचं ठीक आहे. म्हणून मागायची हिंमत करते आहे. मी स्वार्थी आहे का बाबा?

तब्येत जपा. लेकीवरची माया कमी करू नका.

तुमची,
जागृती

०

तळेगाव (श्या. पं.)
ता. ६ ऑक्टोबर २०२४

सौ. सुलोचनास,
सप्रेम जयभीम.

तुह्या मोर्चाचं पत्र रक्षानं विहारात वाचून दाखवलं. बायाइनं टाळ्या वाजवल्या. मंडळाची शाखा इंग्लंडात निघाली म्हणून अभिनंदनाचा ठराव झाला. कमलानं दोन घरं सोडून तिसऱ्या घरी सांगितलं, म्हंजे आता आष्टीपर्यंत गेलं असन.

दुसरं असं लिवतो का, तू घाईनं येऊ नको. पोरीची ड्युटी भारी, लेकरू लहान. फेब्रुवारीपर्यंत राह्य. तिकीट पुढं ढकलता येते असं मी ऐकलं. तू जनमभर अंगनवाडीतले लोकाचे लेकरं सांभाळले, आता आपल्या नातीजवळ चार दिवस बस. इकडं मले काही अडचन नाई. भाकर आता मोडत नाई. दसऱ्याले दीक्षाभूमीवर गावातल्या योगेंद्रसंग जाईन, त्याचं पन तिकीट मीच काढीन.

सोयाबीन काढनं चालू हाये म्हणून थोडक्यात लिवलं. इकडचं ठीक हाये.

लोभ हाये, दूर राह्यल्यानं तो कमी होत नाई.

तुहा,
बाबाराव

०

हॅम्बलफर्ड
ता. २० ऑक्टोबर २०२४

जागृतीच्या बाबांस,
सविनय जयभीम वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. त्याचा राग शेवटी काढते. आधी एक बातमी, कारण जावयांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आहे अन् तो कमलानं पाहिला नसेल असं होणार नाही. मी पबमध्ये जाऊन आली. मंडळाची अध्यक्ष, पांढरं लुगडं नेसून, भर दिवसा.

पण क्रमानं सांगते. त्या मोत्यांच्या बाईनं रविवारी चहाले बोलावलं होतं ना, तिथं मी मेघाले घेऊन गेली, पाटी गाडीले बांधून. नदीकाठी जुनं देखणं हॉटेल, दारावर फुलांच्या कुंड्या. आत मोर्चाचे सारे जमलेले. बसली तं टेबलावर बाटल्या आल्या. मले वाटलं सरबत. त्या बाईनं स्वतःच्या हातानं माझ्यासमोर पेला ठेवला, मी नाकाशी नेला अन् समजली. तेई पबच होतं, महागाचं. सारे खुशाल पिऊन राह्यले, अन् माझी पाटी तिथंच उभी.

मी हातवारे करून विचारलं, दारू नको म्हणता अन् हे काय. ते हसले. मग त्या बाईनं सावकाश, लेकराले सांगावं तसं सांगितलं का हा नवा पब स्वस्त आहे. तिथं पल्याडच्या वस्तीतले लोक येतील, बसवाले, झाडूवाले, दवाखान्यातल्या पोरी, अन् मग ते नदीच्या काठावर येऊन बसतील. इंग्रजी मले अर्धंच समजते. पण 'तसले लोक' हे कोणत्याई भाषेत म्हटलं तरी मले पुरतं समजते. माझ्या बापाची कपबशी बाजारातल्या हॉटेलाबाहेर खुंटीले टांगलेली राहे. चहा पिऊन त्यानंच धुवायची अन् त्यानंच टांगायची. त्या हॉटेलवाल्याचाई चहाले काही विरोध नव्हता. मी पाटी सोडली, टेबलाले टेकवून ठेवली, अन् मेघाची गाडी फिरवली. कोणासाठी आरोळी ठोकली मी, याची लाज वाटली.

जागृतीले सांगितलं तं ती म्हणे, आई, मले त्याच दिवशी माहीत होतं, पण तू एवढी खूष होती. तिच्या वॉर्डातल्या पोरी पगार झाला का त्याच पबमध्ये जेवतात म्हणे. मी म्हटलं, मग मलेई तिथंच ने. पब उघडला त्याच्या दुसऱ्या गुरुवारी आम्ही चौघं गेलो. पंचशील मनात म्हणत गेली, पाचवं, दारू न पिण्याचं, दोनदा. दारू मी चाखलीई नाही अन् पिणाऱ्याले चांगलंई म्हणत नाही, हे मंडळाले ठासून सांगा. पण तिथं बसायचा हक्क कोणाले नाही म्हणणाऱ्यांत मी नाही.

आत बँकेचा जुना उंच घुमट तसाच आहे. कॅशियर जिथं बसत तिथं आता बाटल्या. लाल फुलांचा गालिचा, अन् सकाळी दहा वाजता निम्मी लोकं चहा पिऊन राह्यलेली. एकदा पैसे दिले का कप कितीदाई भरून घ्या. म्हातारे लोक एका कपावर दुपार करतात. काऊन, तं घरी कोणी नाही अन् इथं गरम आहे. जावयांनी मोबाईलवरून टेबलाचा नंबर टाकला अन् पोरगी चहा घेऊन आली. मी चांगले तीन कप घेतले. साखर कमी, दूध पाणचट, तरी घेतले.

शेजारच्या टेबलावर डेरेक नावाचा म्हातारा होता. त्यानं जनमभर बस चालवली, हे ऐकून मी खुर्चीच जवळ ओढली. जागृतीले म्हटलं, सांग याले, माझे यजमान कंडक्टर होते. तो म्हणे, कंडक्टर लोकं ड्रायव्हरवर उगाच घंटी वाजवतात. मी म्हटलं, वाजवली नाही तं ड्रायव्हर झोपतात. असं आमचं जमलं. मग त्याले विचारलं, घरून कोणी आलं नाही का. त्याची बायको पोरीच्या बाळंतपणाले ऑस्ट्रेलियाले गेली होती. चार महिन्यांसाठी. फोनवर हा म्हणे इकडचं ठीक आहे, ती म्हणे इकडचंई ठीक आहे. भांडण नाही, तंटा नाही. यानं कधी ये म्हटलं नाही, तिनं कधी येऊ का विचारलं नाही. तो नातू आता कॉलेजात आहे, अन् ती तिथंच आहे. नाताळाले कार्ड येते म्हणे. हे सांगून तो उठला अन् कप भरून घ्यायले गेला.

जागृती हे मराठीत सांगता सांगता मधीच थांबली. मान खाली घालून मेघाचं टोपडं नीट करत बसली, नीटच असलेलं. तवा मले समजलं, तुमचं ते पत्र कोणी लिहायले लावलं. रात्री तिनं कबूल केलं अन् रडली. पोरीवर माझा राग नाही. तिले माय पाहिजे होती, तिनं तोंडानं मागितली. राग तुमच्यावर आहे. तुम्ही कधी काही मागतच नाही. मी येतानाई नागपूरच्या विमानतळावर तुम्ही काय म्हटलं, तं पाण्याची बाटली बॅगेत वर ठेव.

मले इथं करमत नाही. सारं चांगलं आहे, नात कडेवर आहे, तरी संध्याकाळी अंधारून येते अन् जीव कासावीस होते. पण मी आपल्या मनानं तिकीट धरून निघाली तं पोरीले उघड्यावर टाकल्यासारखं होईल, अन् तुम्हाले नको असताना आली असंई वाटत राहील. म्हणून विचारते. तिकीट अजून बदललं नाही. जावयांले सांगितलं, बाबांचं पत्र येऊ द्या. तुम्ही मनापासून राह्य लिहिलं तं फेब्रुवारीपर्यंत राहते, शब्द देते, तोंड वाकडं करणार नाही. ये लिहिलं तं चोवीस तारखेले निघते. जावई म्हणतात, तसं झालं तं ते सकाळची कामं बदलून घेतील, मेघाचं होईल. फक्त इकडचं ठीक आहे एवढं लिहू नका. ते मी डेरेकजवळ ऐकलं.

कळावं. लोभ आहे का नाही, ते या वेळी लिहूनच कळवा.

तुमची,
सुलोचना

०

तळेगाव (श्या. पं.)
ता. ३ नोव्हेंबर २०२४

सौ. सुलोचनास,
सप्रेम जयभीम.

पत्र काल भेटलं. घरी कमला बसली होती म्हणून शेतात मोटरपंपाच्या खोलीत जाऊन वाचलं.

फोटोनं इकडं गोंधळ झालता. रक्षा तं दोन दिवस माह्याशी बोलली नाई. आज विहारात बैठक झाली. मी काही मंडळाचा सभासद नाई, दारात उभा राह्यलो अन् म्हनलं, बायाइनो, एक पान वाचू द्या. तुह्या बापाच्या कपबशीचं पान वाचलं. मग कमला म्हने, माह्या आजाची पन होती, बाहेर, चुलीच्या मांगं. रक्षानं डोळे पुसले. शेवटी मंडळानं असं ठरवलं का अध्यक्षबाईनं स्वतः येऊन बैठकीत सारं सांगावं. डिसेंबरच्या पहिल्या बैठकीले तू हजर पाहिजे. म्हणून तुले चोवीसले निघाच लागते. मंडळाचा हुकूम हाये, माह्या हातात काही नाई.

एवढं लिवून मी पाकीट चिकटवलं होतं. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो, अन् वापस येऊन फोडलं. मंडळाचा हुकूम-गिकूम काही नाई. रक्षा म्हने, ताई सावकाश येऊ द्या, काही घाई नाई. हुकमाचं मी मनानं जोडलं. तू इतकं सरळ विचारलं, अन् मी अजून बायाइच्या मांगं लपून राह्यलो.

तं सरळ लिवतो. राह्य म्हणून लिवलं ते पोरीसाठी लिवलं. लिवताना हात चालत नव्हता, म्हणून सोयाबीनचं नाव केलं. दसऱ्याले दीक्षाभूमीले निघालो. बस स्टँडवर गेलो, योगेंद्र गाडीत चढला, मी चढलोच नाई. दुसरी गाडी आली, तेई सोडली. त्या गर्दीत मी कोनाचं मनगट धरू? घरी आलो अन् दिवसभर पडून राह्यलो. रेडिओ आता लावत नाई. ते बाई बोलते त्याले मी उत्तर देऊ लागलो होतो. भाकर अजून मोडते.

जागृतीले सांगजो का बाबानं माफी मागितली. म्हन, तुह्यावर माया हाये तेवढीच हाये, पन या वेळी बाबाले द्यायले होत नाई. तिच्याजवळ जावई निकेश हाये, मेघा हाये. पोरगी रागावन तं रागावू दे, मी तुले घ्यायले नागपूरले आल्यावर तिच्या शिव्या फोनवर ऐकून घेईन, सारे उभे असले तरी.

ये सुलोचना. मले तू पाहिजे.

तुहा,
बाबाराव